ओसाकाला दिलेला होकार

डिचोली

चि. बाय,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "मावशे, ओसाकाच्या माणसाला हो म्हणून टाकलंय, बघू पुढचं पुढे." फोन ठेवला आणि मी कालनिर्णय उघडून पाहिलं. काजूचा माल पाठवायची तू दिलेली तारीख चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दुसऱ्या दिवशीची आहे. त्या दिवशी तुझ्या कारखान्यात काजू सोलायला कोण येणार आहे? सत्तरी तालुक्यातल्या सगळ्या बायका आपापल्या घरी असतील. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची, नेवऱ्या तळायच्या, पाहुण्यांचं बघायचं, आणि ते त्यांनी करायलाच हवं.

तू मला विचारलं होतंस की जपानी माणसाला कार्ड कसं द्यायचं, दुबईला जाताना काय पाळायचं. दोन्ही हातांनी कार्ड दे, घेतलेलं वाचल्याशिवाय पर्समध्ये टाकू नकोस. हे एका संध्याकाळी शिकता येतं. मला शिकायला बारा वर्षं लागली ती गोष्ट वेगळी आहे. आपलं 'होईल की', 'बघूया', 'दोन दिवसांत देते' हे दुसऱ्या देशातल्या माणसाच्या कानात काय होऊन पोचतं, ती गोष्ट.

आपल्याकडे 'होईल' म्हणजे माझी इच्छा आहे, तुला नाराज करायचं नाही, देवाने मनावर घेतलं तर जमेल. पलीकडचा गोंयकारही ते तसंच ऐकतो, म्हणून आपलं बिघडत नाही. ओसाकातला माणूस त्यावर गोदामात जागा राखून ठेवतो.

माझ्या हातून हे झालेलं आहे. पहिलाच जपानी ग्राहक, डब्ल्यू-२४० या प्रतीच्या अख्ख्या काजूगराचा एक कंटेनर. तेव्हाही चवथच आडवी आली. माल वेळेत निघणार नाही हे मला दोन आठवडे आधी कळलं होतं. त्याच्याकडून तीन पत्रं आली, तिन्ही अतिशय नम्र, "तयारी कशी चालली आहे ते कळलं तर बरं होईल" अशा सुराची. मी ती निव्वळ चौकशी समजले आणि तिन्ही वेळा "सगळं ठीक आहे" असं कळवलं. माल नऊ दिवस उशिरा निघाला आणि ते त्याला जहाज कंपनीकडून समजलं. मग त्याने विचारलं ते एवढंच: तुम्हाला हे कधी कळलं होतं? उशिराची समजूत मला घालता आली असती. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढची चार वर्षं त्यांची एकही ऑर्डर आली नाही.

जिथे एलसीवर, म्हणजे ग्राहकाच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीपत्रावर, व्यवहार असतो तिथे तर बोलायलाच नको. शिपमेंटची शेवटची तारीख एलसीवर छापलेली असते. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीवर, एक दिवस पुढची तारीख पडली की बँक कागद अडवते, मग ग्राहकाची मनधरणी करत बसावं लागतं. आपल्याकडून माल ट्रकने मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला जाणार, तोही भर पावसाळ्यात. हे दिवस आधीच हिशेबात धर.

दुसरी बाजू मला पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊने शिकवली. तुझे बाबा कच्ची बी तिथूनच आणतात, तेव्हा हे तुझ्या कामाचं आहे. मी सुरुवातीला तिथल्या पुरवठादाराला फोन लावून पहिल्याच वाक्यात विचारायची, "आउटटर्न किती (पोत्यामागे गर किती पडतो)? ओलावा किती?" तो दोन शब्दांत उत्तर देऊन फोन ठेवायचा. मला वाटायचं, माणूस तुसडा आहे. प्रत्यक्ष गेले तेव्हा पाहिलं, बाजारात दोन ओळखीचे भेटले की आई कशी आहे, मुलं कशी आहेत, झोप लागली का, हे सगळं विचारून होईपर्यंत कामाचा शब्द निघत नाही. तुसडी मीच ठरले होते. तिथे क्रिओल बोलतात, सरकारी कारभार पोर्तुगीजमध्ये चालतो. माझे सासरे पोर्तुगीज शाळेत शिकलेले, त्यांच्या तोंडून ऐकलेले शब्द माझ्या उपयोगी पडले. मेज, जनेल, चावी, पाव, आणि अर्थात काजू. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेलं एकच झाड आमच्या दोघांच्या अंगणात उभं होतं आणि त्याचं नावही एकच होतं. त्या दुपारी आम्ही धंद्याचं काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून गोदाम उघडून दाखवलं.

पण म्हणून कागद सोडायचा असं नाही. गोडीने बोलायचं आणि कटिंग टेस्ट मात्र दोघांनी समोरासमोर करायची. किलोभर बी कापायची, चांगला गर वजन करायचा, ८० किलोच्या पोत्याला किती पौंड गर पडतो ते दोघांनी लिहून सही करायची. ४८ पौंड म्हणजे पोत्यामागे जेमतेम पावणेबावीस किलो. हा आकडा एकट्याने काढलेला असला की भांडण ठरलेलं. दोघांनी एकाच तराजूवर पाहिलेला असला की दुभाष्याचीसुद्धा गरज लागत नाही. तराजू माझ्याकडचा घेऊन जा.

आकड्यांवरून आठवलं. लिस्बनहून एकाने मागणी पाठवली होती, '२.२६८ किलो'. माझ्या ऑफिसातल्या मुलाने सव्वादोन किलो वाचलं, नमुना मागितलाय असं समजून कुरियरने पाकीट रवाना केलं. तिकडे हजारासाठी टिंब देतात आणि अपूर्णांकासाठी स्वल्पविराम. त्याला २,२६८ किलो हवे होते, म्हणजे ५० पौंडांच्या १०० पेट्या. उलगडा व्हायला तीन आठवडे गेले, तोवर त्याने व्हिएतनामचा माल घेतला. त्या मुलाला मी एक शब्द बोलले नाही, चूक माझी होती, हे शिकवायचं काम माझं होतं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक पत्रात संख्या अक्षरी असते, पेट्या आणि पौंड दोन्ही असतात, आणि महिन्याचं नाव लिहिलेलं असतं. ०३/०४ असं कधीही लिहू नकोस.

हॉलंडच्या ग्राहकाचं पहिलं पत्र आलं की तुला रडू येईल. मला आलं होतं. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ मालातले पाच दोष. पत्राच्या खाली मात्र पुढची ऑर्डर होती. ती त्यांची रीत आहे, अपमान नव्हे. दोष मात्र खरे असतात, ते दूर कर. अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे बुरशीच्या विषाचा, अहवाल प्रत्येक लॉटचा काढ. थेट खायच्या काजूला युरोपात एकूण मर्यादा किलोला ४ मायक्रोग्रॅम आहे, जपानमध्ये १०. एकाला चाललेला माल दुसऱ्याला चालेल असं धरून चालू नकोस.

दुबईचं थोडक्यात सांगते. २०२२पासून तिथे शनिवार-रविवार सुट्टी असते आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम. रमजानचा माल महिना सुरू होण्याआधी तिथल्या दुकानात लागलेला हवा, आणि रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. मागच्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नकोस.

आणि घरचं विसरू नकोस. तुझ्या बॉयलरवर झारखंड-ओडिशाची मुलं आहेत, वर्गवारीच्या टेबलावर वाळपईच्या बायका. "समजलं?" विचारलंस तर सगळे होच म्हणणार, मालकिणीला नाही कोण म्हणेल? त्यापेक्षा "तू आता काय करणार ते सांग" असं विचार. माझ्याकडे पाकळी, म्हणजे दोन भाग झालेला गर, अख्ख्या गरात मिसळून जायची ती या एका प्रश्नाने थांबली.

चवथीची सुट्टी कोणापासून लपवायची वस्तू नाही, बाय. मी दर जानेवारीत सगळ्या ग्राहकांना आमच्या सणांचं पत्रक पाठवायची: शिगमो, चवथ, दिवाळी, नाताळ, कोणत्या दिवशी कारखाना बंद आणि का. जपान्यांकडून ओबोनच्या, त्यांच्या पितरांच्या सणाच्या, तारखा मागवून घ्यायची, युरोपवाल्यांकडून ऑगस्टच्या सुट्ट्या. एकदा एका जपानी बाईंनी चवथीच्या दिवशी शुभेच्छा पाठवल्या होत्या. त्याच कंपनीने, जिने चार वर्षं मला ऑर्डर दिली नव्हती.

तेव्हा ओसाकाला आजच लिही. दिलेली तारीख पाळता येणार नाही, कारण चवथ आहे, चवथीला आमच्याकडे काय असतं, बायका कधी परततात, रोज किती पेट्या भरतात, आणि त्या हिशेबाने माल नक्की कोणत्या तारखेला निघेल. ती तारीख काढताना दोन दिवस हाताशी ठेव. माफी एकदाच माग. त्यांचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे आहे, पहाटे साडेपाचला पाठवलंस तर तिथे नऊ वाजता, ऑफिस उघडताना त्याच्यासमोर असेल. मसुदा रात्रीच मला पाठव, मी जागी आहे.

तुझी मावशी