लीडचा दर आणि ग्राहकाची किंमत

प्रिय मित्रा,

लीड, म्हणजे माल घेऊ शकतील अशा लोकांची नावं-नंबर, पुरवणाऱ्या कंत्राटदारांची तू पाठवलेली तिन्ही कोटेशनं पाहिली. सगळ्यात स्वस्त कोटेशनवर तू खूण केली आहेस. ती तूर्त खोडून ठेव.

पर लीड दर बघून निवड केली की गणित फसतंच. समज, स्वस्तवाल्याने 100 लीड दिल्या. त्यातल्या 20 जणांनी फोन घेतला, 8 भेटले, 2 जणांनी माल घेतला. म्हणजे एक ग्राहक 50 लीडच्या भावात पडला. दुसरा दर तिप्पट सांगतोय, पण त्याच्या 100 लीडमागे 10 ग्राहक होत असतील, तर एका ग्राहकामागे 10 लीड, गुणिले तीन. पहिल्याच्या भावाने मोजलं तर 30. कोण स्वस्त?

आणि यात तुझ्या माणसांचा वेळ अजून धरलेलाच नाही. फोन, फॉलो-अप, सीआरएममध्ये (ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) नोंद असं करत एका लीडमागे अर्धा तास सहज जातो. 100 लीड म्हणजे 50 तास. तो पगार कोटेशनमध्ये कुठेच दिसत नाही, पण जातो तुझ्याच खिशातून.

मी एकदा पर मीटिंग दराने काम दिलं होतं. पहिल्याच मीटिंगला समोरचे गृहस्थ वही उघडून म्हणाले, "तुम्ही मोफत ऑडिट करून देणार होतात ना?" कंत्राटदाराने त्यांना तसंच सांगून बोलावलं होतं. करारात मीटिंगची व्याख्या एवढीच होती: 15 मिनिटांचं बोलणं. ते 20 मिनिटं बसले, बिल पूर्ण लागलं. चूक माझीच, सही करताना ती ओळ मी वाचलीच नव्हती. तेव्हा क्वालिफाइड लीड कशाला म्हणायचं ते आधी लिहून घे: कंपनी केवढी, समोरच्याला निर्णयाचा अधिकार आहे का, खरेदी कधीपर्यंत. निकषात न बसणारी लीड किती दिवसांत बदलून मिळणार, तेही. आणि तीच लीड तुझ्या स्पर्धकालाही विकणार का, हे तोंडावर विचार. याचं उत्तर देताना बरेच जण अडखळतात.

मासिक रिटेनर, म्हणजे दरमहा ठराविक फी, असेल तर जाहिरातींचा खर्च त्यात आहे की वेगळा, तेवढं बघून घे. पहिले दोन-तीन महिने यादी आणि मजकूर जुळवण्यातच जातात, ते तोट्याचे धरूनच चाल.

ईमेल पाठवून लीड मिळवणाऱ्यांबाबत मात्र मी जरा कडक आहे. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच त्या पाठवणाऱ्याचाच आहे हे पडताळायच्या सोयी) सक्तीचं केलं आहे, आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलं आहे. कंत्राटदाराने तुझ्या मुख्य डोमेनवरून (ईमेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावावरून) अंदाधुंद मेल सोडले, तर उद्या तुझी इन्व्हॉइससुद्धा ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाईल. वेगळं डोमेन घ्यायला लाव. त्याचा खर्च किरकोळ असतो.

करार संपल्यावर यादी, संभाषणं, नोंदी कोणाच्या? हे न ठरवता सहा महिन्यांच्या लॉक-इनला (मध्येच करार सोडता न येण्याच्या अटीला) हो म्हणू नकोस.

आता एक काम कर. गेल्या वर्षभरात स्वतःहून चौकशी करत आलेल्यांपैकी किती जण ग्राहक झाले आणि एका ग्राहकामागे तुला निव्वळ काय उरलं, एवढे दोन आकडे काढून पाठव. कोटेशनं त्यानंतर परत उघडू.

तुझा,
काका