रोज सकाळी एक लाकूड

मावशी,
मी चौतीस वर्षांची, सिंधुदुर्गात एका सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. ३१ डिसेंबरच्या वॉचनाइट उपासनेत दरवर्षी ठरवते की पहाटे पाचला उठून तासभर प्रार्थना, वर्षभरात सगळं बायबल, शुक्रवारी उपास. सलग तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीतच सगळं बारगळलं. बायबलमधली खूण लेवीय नावाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात तशीच आहे. नाइटनंतर डोळे उघडत नाहीत, आणि ईव्हनिंग करून आले की रात्री एकपर्यंत रील्स बघत पडते. आमच्या महिला संघात एक बाई साक्ष देतात की वीस वर्षांत त्यांची पहाटेची प्रार्थना चुकली नाही. ऐकून मान खाली जाते. दोन महिने झाले, प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली ती भाकर आणि प्याला, घेतलेलं नाही. प्रभुभोजन असतं त्या रविवारी मुद्दाम ड्युटी लावून घेते. देव मला कंटाळला असेल का? की मी मुळातच खोटी ख्रिस्ती?
लेवीयात अडकलेली

बाय माझे,
आधी प्रभुभोजनाचं बोलू, कारण बाकी सगळं थांबेल, हे थांबायला नको. ‘अयोग्य रीतीने’ खाण्याबद्दल प्रेषित पौलाने करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात जे लिहिलं, त्याच्या भीतीने तू मागे राहतेस ना? आपल्याकडे कितीतरी जणी राहतात. ते वचन पुढेही वाच. माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं, असं तिथे आहे. परीक्षा करून घरी बसावं, असं नाही. आणि येशूने पकडला जाण्याच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर पहिलं प्रभुभोजन घेतलं, त्या मेजाभोवती कोण होतं ते आठव. कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाकारणारा पेत्र तिथे होता. जेवण आटोपून गेथशेमाने बागेत गेल्यावर घटकाभरही जागं राहणं ज्यांना जमलं नाही, ते तिथे होते. प्रभूला हे सगळं ठाऊक होतं, आणि भाकर मोडून त्याने त्यांच्याच हातात दिली. झोप न आवरणाऱ्या माणसांना त्याने मेजावरून उठवलं नाही, तर तुला कसा उठवेल?

आता तुझा नेम. तो मोडला यात मला नवल वाटलं नाही. आठवड्यात कधी मॉर्निंग, कधी ईव्हनिंग, कधी नाइट असं जिचं चक्र फिरतं, तिने घड्याळातल्या पाचाला नेम बांधला तर तो टिकणार कसा? त्या साक्ष देणाऱ्या बाईंचं मी मनापासून कौतुक करते, पण त्यांच्या घरात रात्रपाळी नसावी. तू तुझा नेम वेळेला बांधू नकोस, कामाला बांध. ड्युटी कोणतीही असो, उठल्यावर चहाचं आधण तू ठेवतेसच. आधण ठेवलं की बायबल उघडायचं. चहा होईपर्यंत वाचायचं, कपात ओतण्याआधी प्रार्थना करायची. सात-आठ मिनिटं होतात. तुला हे हास्यास्पद वाटेल, कारण तू तासाचा नवस बोलून बसली आहेस. मी मात्र तुला सहा महिने यापेक्षा जास्त करू देणार नाही.

आणि चुकला एखादा दिवस, तर थकबाकी भरायला जायचं नाही. पेशंटला गोळ्या देताना तू काय सांगतेस? चुकलेला डोस पुढच्या वेळी दुप्पट करून घेऊ नका. तेच इथे. तू तीन दिवसांचे बारा अध्याय रविवारी दुपारी उरकायला बसतेस, तिथे डोकं जड होतं आणि पुस्तक मिटतं. लेवीय हे मुळात भरभर उरकण्याचं पुस्तक नाही. पण त्यात तुझ्यासाठी काही आहे, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

त्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात याजकांना आज्ञा आहे की वेदीवरचा अग्नी विझू द्यायचा नाही, आणि त्यासाठी याजकाने रोज सकाळी त्यावर लाकडं घालायची. पुढे नवव्या अध्यायात परमेश्वरासमोरून अग्नी निघतो आणि वेदीवरचं अर्पण भस्म करतो. म्हणजे अग्नी त्याचा. माणसाच्या वाट्याला काय, तर लाकूड. गेली तीन वर्षं तू अग्नी पेटवायला धडपडते आहेस, फुंकून फुंकून दमलीस, आणि तो पेटत नाही म्हणून स्वतःला खोटी म्हणतेस. तो पेटवणं तुझ्याकडे कधी दिलंच नव्हतं. तू सकाळी लाकूड ठेव. ओलं असलं तरी ठेव, झोपाळलेल्या हाताने ठेव. ज्या दिवशी प्रार्थनेत काही म्हणजे काही वाटलं नाही, त्या दिवसाचंही लाकूड मोजलं जातं, असा माझा विश्वास आहे.

फोनच्या बाबतीत मात्र मी तुला सोडणार नाही. ‘मी माझं शरीर कुदलतो’, म्हणजे त्याला झोडपून ताब्यात ठेवतो, असं पौल म्हणतो, ते अशाच ठिकाणी लागू पडतं. करिंथजवळ दर दोन वर्षांनी मोठ्या स्पर्धा व्हायच्या आणि जिंकणाऱ्याला पानांचा मुकुट मिळायचा. तो सुकून जायचा, तरी त्यासाठी धावणारे खाण्यापिण्यात स्वतःला आवरायचे. पौलाने त्या गावात दीड वर्ष काढलं होतं, त्यामुळे हा दाखला लगेच कळणाऱ्यांनाच तो लिहित होता. तू आवरायचंस ते एवढंच: ईव्हनिंगहून आलीस की फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव आणि खोलीत नेऊ नकोस. उशाशी ठेवून ‘बघणार नाही’ म्हणणं मला तरी कधी जमलेलं नाही. आणि दिवसभर उभ्याच्या ड्युटीत शुक्रवारचा उपास सध्या सोडून दे. सलाइन लावताना तुला चक्कर आलेली देवाला नको आहे.

शेवटचं, आणि मला सर्वात महत्त्वाचं वाटणारं. तू हे सगळं एकटीने करते आहेस. किनाऱ्यावर रापण ओढताना तू पाहिली असशीलच. होडी जाळं टाकत समुद्रात मोठा वळसा घेते, दोन टोकांचे दोर काठावर येतात आणि दोन्हीकडे माणसं रांगेने लागतात. दोर कमरेशी धरून, टाचा वाळूत रोवून मागे मागे सरकायचं. तासन्‌तास ते चालतं. मी लहान असताना आम्ही पोरंही दोराला लोंबकळायचो. आमच्या ओढण्याने जाळं किती सरकत असेल, देव जाणे. पण मधेच कुणाचा हात सुटला तर दोर सुटत नसे, कारण पुढेमागे इतर हात असायचे. निर्गमचा सतरावा अध्याय तू तीनदा वाचला आहेस. लढाई चालू असताना वर धरलेले मोशेचे हात जड झाले तेव्हा त्याला कुणी ‘तुझा विश्वास कमी पडतो’ म्हटलं नाही. अहरोन आणि हूर यांनी त्याला दगडावर बसवलं आणि त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवले.

माझे यजमान अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले, तेव्हा मला वर्षभर प्रार्थनेचा एक शब्द सुचत नव्हता. चर्चच्या मंडळीतली एक म्हातारी दर गुरुवारी संध्याकाळी यायची, खाटेजवळ स्टुलावर बसून एक स्तोत्र वाचायची आणि जायची. मी कितीदा तर तिच्यासमोर कपड्यांच्या घड्या घालत असायचे. तेवढ्यावर मी त्या वर्षातून बाहेर आले. तुझ्या वॉर्डात किंवा संघात अशी एक बाई शोध. पराक्रमाची साक्ष देणारी नको, ‘मलाही जमत नाही गो’ म्हणणारी हवी. दोघींनी रोज एकमेकींना एवढंच कळवायचं, ‘आज वाचलं’ किंवा ‘आज नाही’. ‘आज नाही’ लिहितानाही लाजायचं नाही.

येत्या पहिल्या रविवारची ड्युटी बदलून घे आणि मंडळीत जा. आणि बायबलमधली ती खूण काढू नकोस, उत्पत्तीपासून पुन्हा सुरुवातही करू नकोस. चौथ्या अध्यायावर आहेस ना? वेदीचा तो अग्नी तिथून दोनच अध्याय पुढे आहे.

तुझी,
मावशी