चेंडू लांब असताना गोलकीपरनं उभं कुठं राहायचं?

प्रश्न: सर, मी पंधरा वर्षांची आहे, आमच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. आम्ही समोरच्या गोलवर चढाई करत असलो की प्रशिक्षक ओरडतात, "पुढे ये, पुढे ये!" गेल्या सामन्यात आले पुढे, तर एकीनं मध्यरेषेवरून चेंडू माझ्या डोक्यावरून टाकला आणि गोल झाला. आता सगळ्या म्हणतात, गोल सोडायचाच नाही. कुणाचं ऐकू?

उत्तर: प्रशिक्षकांचं.

असा गोल किती दिवस टोचतो, ते मला विचार. माझ्यावर झाला तेव्हा मी डीच्या टोकाला उभा होतो (डी म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकटीबाहेरची, म्हणजे बॉक्सबाहेरची कमान). चेंडू डोक्यावरून निघालेला दिसला आणि मी तोंड मैदानाकडे ठेवूनच उलट्या पावलांनी पळत सुटलो. चार-पाच पावलांत टाच अडकली, बुडावर आपटलो. तिथं बसल्या बसल्या मान वळवून बघितलं, तर चेंडू एक टप्पा, मग दुसरा टप्पा घेत सावकाश रेषेपार गेला. त्याला काही घाई नव्हती. मैदानभर हशा पिकला. पण माझी चूक पुढे उभं राहण्यात नव्हतीच, पळण्याच्या पद्धतीत होती.

तू रेषेवर थांबलीस तर काय होतं बघ. चढाईच्या वेळी तुमची बचावफळी मध्यरेषेपर्यंत जाते. तिच्यामागे तुझ्यापर्यंत पन्नासेक मीटर मैदान मोकळं. त्यात एक सरळ लांब पास पडला की समोरची स्ट्रायकर आणि चेंडू, मध्ये कुणीच नाही. तू डीवर असशील तर तोच चेंडू तू आधी गाठून पायानं बाहेर मारतेस, आणि ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. डोक्यावरून झालेला गोल मात्र वर्षानुवर्षं चघळला जातो. १९९६ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या बेकहॅमनं विम्बल्डन क्लबविरुद्ध मध्यरेषेजवळून मारलेला गोल लोक अजून दाखवतात. उलट २०१४ च्या विश्वचषकात अल्जीरियाविरुद्ध जर्मनीचा गोलकीपर नॉयर पुन्हा पुन्हा बॉक्सबाहेर धावत येऊन चेंडू उडवत होता म्हणून जर्मनी वाचली. त्या दिवशी तो रेषेवर उभा असता तर?

अंदाजासाठी मैदानावरच्या खुणा वापर. चेंडू समोरच्यांच्या बॉक्सजवळ असेल तर तू डीच्या टोकाला, म्हणजे गोलपासून वीस मीटरवर. पायांवर भरवसा असेल तर आणखी पुढे. चेंडू मध्यरेषेच्या आसपास आला की बॉक्सच्या रेषेच्या थोडं आत. तुमच्या अर्ध्यात शिरला की पेनल्टीच्या ठिपक्याकडे सरक. चेंडू डावी-उजवीकडे गेला की तूही एक-दोन पावलं त्या बाजूला. एका जागी खांबासारखं उभं राहायचं नाही.

पण खरी गोष्ट मीटरची नाहीच. चेंडू जिच्या पायात आहे तिच्या मानेकडे बघ. पाठ तुझ्याकडे असेल, कुणी अंगाशी भिडलेलं असेल, तर ती लांबून मारू शकत नाही; तू पुढेच थांब. ती मोकळी आहे, तिनं मान वर करून एकदा तुझ्याकडे बघितलं, मग नजर खाली चेंडूवर नेली आणि शेवटचं पाऊल लांब टाकलं, की समजायचं, आता येतोय. त्या क्षणी चार पावलं मागे ये, पाय जमिनीवर पक्के रोव आणि थांब. तिनं तुझ्याकडे बघितलं होतं, हे त्या दिवशी तुला दिसलं होतं का? बहुतेक तू चेंडूच बघत होतीस.

तरीही चेंडू डोक्यावरून गेलाच, तर माझ्यासारखं करू नकोस. अंग आडवं वळव, पाय एकमेकांवरून टाकत पळ, नजर खांद्यावरून चेंडूवर. पन्नास मीटरवरून उंच मारलेला चेंडू साधारण तीन सेकंद हवेत असतो. आधी चार पावलं मागे आलेली असलीस तर तेवढा वेळ पुरतो.

सरावात मैत्रिणीला दहा चेंडू देऊन मध्यरेषेवर उभी कर. काही जमिनीवरून सोडायचे, काही डोक्यावरून. कुठला कधी, ते तिनं तुला सांगायचं नाही.

प्रश्न: गोलकीपर बचावपटूंच्या पुढे निघून गेला तर ऑफसाइडची रेषा (पास दिला जाताना हल्ला करणारा जिच्या पुढे असता कामा नये ती) कुठली धरायची?

उत्तर: गोलरेषेकडून मोजायला लागा. बचाव करणाऱ्या संघातला शेवटून दुसरा जो असेल, त्याची. नियमात गोलकीपरला वेगळं स्थान नाही. एरवी तो शेवटचा असतो म्हणून आपण शेवटच्या बचावपटूवर नजर ठेवतो, इतकंच. २०१० च्या विश्वचषकात पहिल्याच सामन्यात मेक्सिकोच्या व्हेलाचा गोल असाच रद्द झाला. दक्षिण आफ्रिकेचा कीपर कॉर्नरवर पुढे आला होता, गोलरेषेवर एकच बचावपटू उरला होता. स्टेडियममधल्या निम्म्या लोकांना तेव्हा काय झालं ते कळलंच नसावं. घरी टीव्हीसमोर मीही दोन मिनिटं पंचांना शिव्या घालत होतो.