‘काय न्हाई’च्या मागं

प्रश्न : ताई, माझं वय ४४. शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो. रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास छातीत गच्च होतं. ईसीजी काढला, नॉर्मल आला. बायको विचारते, ‘काय होतंय तुम्हाला?’ मी म्हणतो, ‘काय न्हाई.’ खरंच काही सापडत नाही. मग ती गप्प बसते आणि मला वाटतं, हिला माझा वीट आलाय. चार महिन्यांपूर्वी आई गेली. पंचगंगेवर रक्षाविसर्जन, पै-पाहुणे, जेवणं, सगळं मीच बघितलं, पण डोळ्यांत टिपूस आलं नाही. भाऊ म्हणाला, दगड हाय. मलाही तसंच वाटतं. आईची रात्री साडेनऊची बीपीची गोळी मीच द्यायचो, त्यामुळं जागायची सवय राहिलीय.

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. छातीत गच्च होण्याची वेळ पहिल्या ओळीत आहे आणि आईच्या गोळीची वेळ शेवटच्या. दोन्ही साडेनऊ. मधल्या ओळींत तुम्ही स्वतःला दगड ठरवून मोकळे झालात.

भावना ओळखायला आणि सांगायला जड जाणं याला ‘अलेक्सिथायमिया’ म्हणतात. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफनिऑस यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रीक शब्द जोडून हे नाव केलं : भावनेला शब्द नसणं. हा आजार धरत नाहीत. कुणात कमी, कुणात जास्त असतं. तुमच्यात ते आहे की आई गेल्यामुळं मन बधिर झालंय, हे पत्रावरून मी सांगणार नाही. पण भावना आहे, एवढं नक्की. ती छातीतून बोलतेय.

आता विचारांचं बघू. शरीरात काहीतरी होतंय आणि त्याला नाव नाही, अशा वेळी मन रिकामं बसत नाही, हाताला लागेल तो अर्थ लावतं. बायको गप्प, म्हणजे वीट आला : हे न विचारताच दुसऱ्याचं मन वाचणं. रडलो नाही, म्हणजे दगड : हा स्वतःवर मारलेला शिक्का. विचारांच्या अशा चुका अमेरिकेतलेच मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६०च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांचं ऐकताना टिपल्या. भावना ओळखायला जड जाणाऱ्यांत त्या जास्त दिसतात. शिवाय शिक्का एकदा बसला की आत डोकावायचं कारणच उरत नाही. दगडाला कोण विचारणार, काय होतंय म्हणून?

तुम्ही मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप घेणारा माणूस. तेवढ्याच बारकाईनं आठवडाभर वहीत लिहा : किती वाजता, शरीरात कुठं, कसं (गच्च, गरम, जड) आणि त्या वेळी समोर काय होतं. ‘दुःख’, ‘राग’ असले शब्द पहिल्या दिवशी नाही आले तरी चालतील. अर्थ लावायची घाई तर अजिबात नको.

छातीत दुखलं, चालताना दम लागला, तर पुन्हा डॉक्टर गाठायचे. झोप उडाली, जगणं नकोसं वाटलं, तर १४४१६ या टेलि-मानसच्या (सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) नंबरवर रात्री-अपरात्रीही फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलतात.

आणि आज वहिनींनी विचारलं, तर ‘काय न्हाई’च्या जागी एवढंच सांगा : ‘साडेनऊ वाजले की आईच्या गोळीची वेळ होते.’ मग त्यांनाच विचारा, त्या गप्प का बसतात ते.