शाल, नारळ आणि पगाराची चिठ्ठी

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईत होतीस, म्हणून मीही "सविस्तर लिहितो" एवढंच म्हणालो. कारखान्यातल्या दिव्यांग कामगारांसाठी खेळ आणि कलेला प्रोत्साहन देणारी योजना तुझ्याकडे आली आहे आणि 3 डिसेंबरच्या दिव्यांग दिनाआधी ती तयार हवी आहे. बक्षिसाची रक्कम, सत्काराचा हॉल, टी-शर्टचा रंग, सगळं तू मांडूनही ठेवलं होतंस. ते कागद तूर्त बाजूला ठेव. आधी माझ्या हातून झालेली एक चूक ऐक.

नव्वदच्या दशकात मी एका कारखान्यात पर्सोनेलला, म्हणजे कर्मचारी विभागात होतो. आमच्या स्टोअर्सला एक मुलगा होता, लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पायांत कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या. तो बसून गोळाफेक करायचा. बसून गोळा फेकतात म्हणजे काय, हे मला त्याच्यामुळेच कळलं. लोखंडी स्टूल जमिनीला आवळून बांधायचं, मांड्या पट्ट्यांनी स्टुलाला बांधायच्या आणि सगळा जोर कंबरेच्या वरून काढायचा. गोळा मानेला टेकवून टेकवून त्याच्या उजव्या कानाखाली काळपट घट्टा पडला होता. स्टोअर्सच्या खिडकीतून पावती देताना तो मान वळवायचा तेव्हा तो घट्टा दिसायचा.

एकदा तो माझ्याकडे आला. तीन महिने सलग फर्स्ट शिफ्ट मागत होता, म्हणजे दुपारी चारला मैदानावर पोचता येईल. मी म्हटलं, शिफ्ट सगळ्यांनाच फिरती आहे, तुला एकट्याला कशी देऊ? स्पर्धा परराज्यात होती आणि रजा शिल्लक नव्हती. आठ दिवस बिनपगारी टाकून तो गेला आणि कांस्यपदक घेऊन आला. आम्ही शाल दिली, नारळ दिला, प्रशस्तिपत्र दिलं, मालकांबरोबरचा फोटो नोटीस बोर्डावर लावला. पुढच्या सात तारखेला पगार झाला. आठ दिवसांचे पैसे कापलेले, शिवाय हजेरी बोनसही गेलेला. त्या वेळच्या कायद्याने पुढच्या वर्षाची भरपगारी रजा मिळायला 240 दिवस भरावे लागत. बिनपगारीमुळे त्याचे तेही भरले नाहीत.

तो माझ्या टेबलाशी आला. एका बाजूला प्रशस्तिपत्र ठेवलं, दुसऱ्या बाजूला पगाराची चिठ्ठी आणि बिनपगारीचा मंजूर अर्ज. म्हणाला, "साहेब, इकडेही तुमचीच सही आहे आणि तिकडेही." आवाज चढवला नाही. कागद उचलले आणि गेला. पुढच्या वर्षी त्याने नाव दिलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. त्याच्या कानाखालचा घट्टा हळूहळू फिका होत गेला. तो फिका होताना मी रोज पाहिला आहे.

म्हणून तुला सांगतो, योजनेचं पहिलं पान बक्षिसाचं ठेवू नकोस, वेळेचं ठेव. सरावाच्या काळात ठरलेली शिफ्ट. स्पर्धेसाठी भरपगारी विशेष रजा. तेवढ्या दिवसांची हजेरी लागलेलीच धरायची, म्हणजे बोनस आणि इन्क्रिमेंट दोन्ही शाबूत राहतात. आणि त्याच्या जागी कोण उभं राहणार, त्या रिलीव्हरचं नाव आधीच ठरलेलं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे. रिलीव्हर ठरलेला नसला की काम लाइनवरच्या बाकीच्यांच्या अंगावर पडतं, मग सुपरवायझर नाक मुरडतो, आणि परत आलेल्या खेळाडूला महिनाभर टोमणे ऐकावे लागतात. योजना कागदावर कितीही चांगली असली तरी ती चालते की बसते हे त्या सुपरवायझरवर ठरतं. त्याला पहिल्या बैठकीलाच बोलाव.

रजा किती दिवसांची, असं तुझे साहेब विचारतील. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी वर्षाला 30 दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा देतं. तो आकडा समोर ठेव. स्पर्धा तीन दिवसांची दिसते, पण पॅरा खेळात, म्हणजे दिव्यांगांच्या स्पर्धांत, त्याआधी वर्गीकरण असतं. तपासणारे खेळाडूची हालचाल, ताकद, कागदपत्रं बघतात आणि तो कोणत्या गटात खेळणार ते ठरवतात. गट बदलला तर सगळी गणितं बदलतात. शिवाय व्हीलचेअर घेऊन रेल्वेचा प्रवास. म्हणजे तीन दिवसांच्या स्पर्धेला आठवडा लागतोच, आणि सोबत येणाऱ्या माणसाचं तिकीटही धरावं लागतं.

यात तू कुणावर मेहेरबानी करत नाहीस. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात कला-करमणूक आणि क्रीडा यांची स्वतंत्र कलमं आहेत. 2017 च्या नियमांप्रमाणे 20 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेने समान संधी धोरण लिहून जाहीर करायचं असतं, आणि त्या धोरणात विशेष रजेचा उल्लेख अपेक्षित आहे. तुमच्याकडचं धोरण कुठल्या तरी फाइलमध्ये असेलच. ते काढ आणि त्याच्या रजेच्या ओळीतच खेळ आणि कला हे शब्द घाल. वेगळी योजना साहेब बदलले की बंद पडते. धोरणातली ओळ सहसा कुणी खोडत नाही.

अकाउंट्सवाले एक सोपी वाट दाखवतील, तिथे सावध राहा. म्हणतील, "सीएसआरमधून टाका," म्हणजे कंपनीने समाजासाठी करायच्या खर्चातून. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात पॅरालिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे, हे खरं. पण 2021 मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार आपल्याच कर्मचाऱ्यांच्या फायद्यासाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. तेव्हा गावातल्या मैदानाला, तलावाला, तिथल्या प्रशिक्षकाला सीएसआरमधून जरूर मदत करा, पण आपल्या कामगाराचा प्रवास, रजा, साहित्य हे कल्याण खात्यातूनच जाऊ दे. दोन्ही हिशेब वेगळे ठेव. नाहीतर ऑडिटच्या वेळी अडचण होईल आणि बिचाऱ्या खेळाडूचं नाव विनाकारण चौकशीत येईल.

तू फोनवर मुरलीकांत पेटकरांचं नाव घेतलंस, ते बरं केलंस. सांगली जिल्ह्यातला माणूस, सैन्यात मुष्टियोद्धा. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि पाय निकामी झाले. 1972 मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात 37.33 सेकंदांची विक्रमी वेळ नोंदवून भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. त्यांना पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. 46 वर्षं गेली मध्ये. तुझ्या सादरीकरणात तू 1972 आणि 2018 ही दोनच सालं घातली असशील. मला या दोन सालांमधला माणूस दिसतो. पुण्यात टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरी करणारा, सात तारखेला पगार घेणारा, घर चालवणारा. टाळ्या कधी वाजतील हे कुणाच्या हातात नसतं, पण दर महिन्याचा पगार कंपनीच्या हातात असतो. पेटकरांचं उदाहरण देणार असशील तर त्यांच्या पदकाइतकंच त्यांच्या नोकरीबद्दलही बोल.

आणखी एक गोष्ट सांगतो, तिला फारसा खर्च नाही. मुंबईची मानसी जोशी सॉफ्टवेअर इंजिनिअर. 2011 मध्ये ऑफिसला जाताना अपघात झाला आणि डावा पाय गेला. काही महिन्यांनी ती कंपनीच्या बॅडमिंटन स्पर्धेत उतरली. तिथून पॅरा बॅडमिंटनची वाट तिला दिसली आणि 2019 मध्ये बासेलला ती जगज्जेती झाली. कंपन्यांतल्या त्या साध्या स्पर्धेकडे नीट बघ. तुमच्याकडेही जानेवारीत क्रीडा महोत्सव होतो. त्याच्या फॉर्मवर "काही वेगळी सोय लागेल का?" असा एक रकाना घाल आणि उत्तर आलं तर ती सोय खरोखर कर. दिव्यांगांसाठी लिंबू-चमचा ठेवून बाजूला बसवू नकोस. त्याने माणूस हिरमुसतो आणि पुन्हा फिरकत नाही.

मैदान नसेल तर बुद्धिबळ घे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये काम केलेले चारुदत्त जाधव स्वतः अंध बुद्धिबळपटू. अंधांची बुद्धिबळ संघटना देशभर उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे आणि अंधांसाठी टॉक 64 नावाचं बोलणारं बुद्धिबळाचं सॉफ्टवेअरही त्यांनी केलं. अंधांचा पट तू कधी बोटांनी पाहिला आहेस का? काळी घरं किंचित उचललेली, प्रत्येक घराला भोक, सोंगट्यांना खाली खुंटी, आणि काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर बारीक टोक. चाल मोठ्याने सांगायची, आणि घरांच्या उभ्या रांगांना अक्षरांऐवजी अ‍ॅना, बेला, सीझर, डेव्हिड अशी नावं, म्हणजे ऐकण्यात गफलत होत नाही. असा एक पट कॅन्टीनमध्ये ठेव. डोळस माणसंही हरायला येऊन बसतील. मी बसलो आहे आणि अठरा चालींत हरलो आहे.

आता कलेचं. इथे कंपन्या चांगल्या मनाने चूक करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमच्याकडे तपासणी विभागात एक कर्णबधिर मुलगा होता. जेवणाच्या सुट्टीत रिजेक्शनच्या कार्डांच्या पाठीवर चित्रं काढायचा. ग्रीस लागलेल्या अंगठ्यानेच सावली द्यायचा, त्यामुळे त्याच्या घोड्यांना एक वेगळाच तपकिरी रंग यायचा. दिवाळीच्या भेटकार्डावर आम्ही त्याचं चित्र छापलं, हजारो प्रती. कोपऱ्यात कंपनीचं बोधचिन्ह होतं, त्याचं नाव नव्हतं. मूळ चित्र छापखान्यातच राहिलं. त्याने खुणेने माझ्याकडे ते मागितलं तेव्हा माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.

नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामावर सहसा मालकाचा हक्क असतो, पण सुट्टीत स्वतःच्या हौशीने काढलेलं चित्र त्याचंच असतं. तुमच्या कॅलेंडरसाठी घ्यायचं असेल तर बाहेरच्या चित्रकाराला द्याल तेवढे पैसे द्या, खाली नाव छापा, किती प्रती काढणार ते लिहून द्या आणि मूळ चित्र सही घेऊन परत करा. तबला, गाणं, नाटक, हस्तकला, सगळ्यांना हेच. आणि रजेच्या ओळीत कलेला खेळाइतकेच दिवस ठेव. अ‍ॅबिलिम्पिक्स म्हणून दिव्यांगांची जागतिक कौशल्यस्पर्धा असते, तिच्यात चित्रकला, भरतकाम, छायाचित्रण असे प्रकार असतात. 2003 मध्ये ती नवी दिल्लीत झाली होती. तुमच्यातला कुणी तिथवर पोचला तर "चित्र काढायला कसली रजा" असं कुणी म्हणता कामा नये.

आणि हो, सगळ्यांनीच खेळलं पाहिजे असं नाही. एखाद्याला फक्त आठ तास काम करून घरी जायचं असतं, तो त्याचा हक्क आहे. कुणाला आपलं दिव्यांगत्व चारचौघांत सांगायचं नसतं. म्हणून यादी काढून एकेकाला केबिनमध्ये बोलावू नकोस. नोटीस सगळ्यांसाठी लाव, सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि अंध कामगारांसाठी मोबाइलवर आवाजातही पाठव. पदक आलं तरच मदत, अशी अट तर अजिबात घालू नकोस. हरून आलेल्याच्या पायाची पट्टीही तेवढीच झिजलेली असते.

सोमवारी गेलीस की आधी मागच्या तीन वर्षांचं मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, काढ. कुणी कोणत्या तारखांना बिनपगारी टाकली आहे ते बघ आणि शेजारी राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांच्या तारखा ठेव. कुठे जुळल्या तर त्या माणसाला भेटायला तू त्याच्या कामाच्या जागी, शॉपवर जा, त्याला वर बोलावू नकोस. कापलेले पैसे परत देता येतात का, हे साहेबांना त्याच आठवड्यात विचार. मसुदा झाला की पाठव, मी ओळ न् ओळ वाचतो.

तुझा,
सर