एमएस्सीनंतर ‘असलं काहीतरी’ शिकावं का?

“मॅडम, हिची लाइफ सायन्सेसची एमएस्सी झालीय, हॉस्पिटलात बरी नोकरी आहे. आता म्हणते, विज्ञान आणि समाज असलं काहीतरी शिकायचंय. पुढे करणार काय ही?”

परळला राहणारे, बेस्टमधून निवृत्त झालेले वडील मुलीसमोरच विचारत होते. जीवशास्त्राच्या जोडीला नीतिशास्त्र, कायदा, धोरण शिकू पाहणारी मुलं हल्ली माझ्याकडे सल्ल्यासाठी बरीच येतात आणि बहुतेक घरांत धास्ती एकच असते: ना धड विज्ञान, ना धड आर्ट्स, पोरगी मध्येच लटकेल. (ओळख पटू नये म्हणून या कुटुंबाचे तपशील बदलले आहेत.)

हे डोक्यात आलं कुठून, असं मी आधी मुलीला विचारलं. ती औषधांच्या चाचण्यांची समन्वयक. चाचणीत घेण्याआधी रुग्णाला माहिती समजावून सांगणं आणि लेखी संमतीची कागदपत्रं बघणं तिच्याकडे असतं. 2019 च्या नियमांप्रमाणे त्या फॉर्ममध्ये स्पष्ट लिहावं लागतं की सहभाग ऐच्छिक आहे आणि नकार दिला म्हणून रुग्णाचं काहीही नुकसान होणार नाही. हा भाग तिनं एका आजोबांना दोनदा वाचून दाखवला. आजोबांनी मान डोलावली, पेन हातात घेतलं आणि हळूच विचारलं, “सही नाही केली तर माझी खाट जाईल का गं?”

“मी म्हटलं, नाही जाणार आजोबा. पण त्यांना ते पटलं नाही, मॅडम. सही केली ती माझ्या तोंडाकडे बघत बघत.”

वडिलांनी ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली असावी. ते काही बोलले नाहीत.

मी त्यांना म्हटलं, “काका, हाफकिनचा स्टॉप तुम्हाला माहीत असेलच.” ते हसले. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी हाफकिन या शास्त्रज्ञानं इथे लस तयार केली. त्याच 1897 सालात साथरोग कायदा आला. घरं तपासणं, माणसांना उचलून वेगळं ठेवणं सुरू झालं आणि लोक प्लेगइतकेच सरकारी माणसांना घाबरू लागले. लस तयार होती, तरी ती कोणी, कोणाच्या शब्दावर टोचून घ्यायची हा प्रश्न उरलाच होता. 2020 मध्ये कोविडसाठी तोच कायदा पुन्हा काढावा लागला. किंवा 2008 चं घ्या. पोटातल्या बाळाच्या हृदयात दोष आढळला म्हणून एक जोडपं मुंबई उच्च न्यायालयात गेलं. कायद्याची मर्यादा 20 आठवड्यांची होती, ती उलटून गेली होती. गर्भपाताची परवानगी मिळाली नाही. हा कायदा बदलला 2021 मध्ये. आता गर्भात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळानं ठरवलं, तर आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. सोनोग्राफी काय दाखवते हेही कळतं आणि कायदा कसा लिहितात हेही कळतं, अशी माणसं अशा वेळी लागतात. हे विज्ञान सोडणं आहे असं मला अजिबात वाटत नाही.

“ते ठीक आहे,” काका म्हणाले, “पण पगार कोण देणार?”

रास्त प्रश्न. औषधांच्या चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान 7 सदस्य लागतात आणि त्यात कायदेतज्ज्ञ, सामान्य नागरिक, समाजशास्त्र किंवा नीतिशास्त्राकडून आलेली व्यक्ती असावी असं नियमच सांगतो. पण ते सदस्यत्व म्हणजे नोकरी नव्हे, हेही मी लगेच सांगितलं. पगाराचं काम मिळतं ते समित्यांच्या कार्यालयात, संशोधन संस्थांत, औषध कंपन्यांच्या नियामक विभागात, आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थांत, थोडंफार अध्यापनात. या नावाची जाहिरात पेपरात येत नाही, शोधावं लागतं. आणि एक व्यवहाराची गोष्ट: आपल्याकडे प्राध्यापकाच्या जागा विषयावर बांधलेल्या असतात, मिश्र पदवी तिथे अडू शकते. म्हणून लाइफ सायन्सेसची नेट ही पात्रता परीक्षा आधी देऊन टाक, असं मी तिला बजावलं.

पण माझ्या मते खरी परीक्षा वेगळी आहे. अनेक मुलं प्रयोगशाळेला कंटाळून इकडे वळतात आणि त्यांना वाटतं, हे सोपं असेल. इथे मुलाखतींची पानंच्या पानं, निकालपत्रं, धोरणाचे मसुदे वाचायचे आणि सतत लिहायचं असतं. मी तिला दोन पानं लिहून आणायला सांगितली: तुझा प्रश्न काय?

पहिल्या खेपेला तिनं लिहिलं होतं, डॉक्टरांनी रुग्णांना जास्त वेळ द्यायला हवा. खरंय, पण ही तक्रार झाली. यावर अभ्यास कसला करणार? आम्ही त्या आजोबांकडे परत गेलो. माहिती तर त्यांना मिळाली होती, मग अडलं कुठे? दुसऱ्या खेपेला तिनं आणलं ते असं: ‘नकार देता येतो हे रुग्णाला कोणी सांगितलं तर पटतं? ज्याच्या हातात उपचार आहेत त्यानं, की त्या वॉर्डाशी काही संबंध नसलेल्या माणसानं?’ हे वाचून मला फार बरं वाटलं. यावर माणसांशी बोलता येतं, दोन वॉर्ड ताडून बघता येतात, उत्तर चुकीचंही निघू शकतं. असा प्रश्न हातात असला की अर्ज कुठे करायचा याचे पर्याय आपोआप कमी होत जातात, कारण त्यावर काम करणारे प्राध्यापक मोजकेच असतात आणि त्यांना आधी लिहावं लागतं.

मग पैशांचं बोललो. अमेरिकेत पीएचडीला बहुधा फी माफ होते आणि विद्यावेतन मिळतं, मास्टर्सला सहसा नाही. ॲरिझोना स्टेट विद्यापीठात ‘बायॉलॉजी अँड सोसायटी’ याच नावाचा अभ्यासक्रम आहे. तिनं तिथलं मास्टर्सचं पान उघडून ठेवलं होतं आणि वडील राहत्या घरावर कर्ज काढायच्या विचारात होते. त्याला मी ठाम नाही म्हटलं. नावासाठी घर गहाण टाकू नये. सार्वजनिक आरोग्याचं मास्टर्स देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत करता येतं. वैद्यकीय नीतिशास्त्राला वाहिलेलं इंग्रजी नियतकालिक 1993 पासून याच शहरातून निघतंय, त्याचे जुने अंक वाचायला घे, म्हटलं.

शेवटी ठरलं ते असं. नोकरी चालू ठेवायची, नेट द्यायची, टाटाला अर्ज करायचा आणि परदेशी फक्त विद्यावेतन असलेल्या पीएचडीसाठी, तेही ज्या प्राध्यापकांनी उत्तर दिलं त्यांच्याकडेच. आतापर्यंत एकांनी उत्तर दिलंय. त्यांना तिची ती दोन पानं इंग्रजीत हवी आहेत, सध्या ती तीच लिहीत बसलीय.