तुरुंगाधिकारी बाबा आणि पॅरोलवाल्या वकिलांचं ऑफिस

पत्र: "बाबा कारागृह विभागात शिपाई म्हणून लागले आणि तुरुंगाधिकारी म्हणून गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले. शेवटची सहा वर्षं ते ज्युडिशियल सेक्शनला, म्हणजे बंद्यांच्या शिक्षेचे आणि रजांचे कागद सांभाळणाऱ्या शाखेत होते. नागपुरात पॅरोल-फर्लोच्या (शिक्षा भोगणाऱ्या बंद्याला मिळणाऱ्या रजांच्या) याचिका चालवणाऱ्या एका वकिलांनी त्यांना ऑफिसात यायला सांगितलंय. 'आत सगळे तुमच्या ओळखीचे, कामं पटापट होतील, केसमागे तुमचं ठरवून टाकू,' असं ते म्हणाले. बाबांना घरी बसवत नाही, पण मला हे बरोबर वाटत नाही. मी एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबांनी जावं का? मीही तिथूनच सुरुवात करावी का?"

उत्तर: बाबांनी जावं. पण वकिलांनी ज्या दोन गोष्टी पुढे केल्यात, ओळख आणि केसमागे पैसे, त्या दोन्ही खोडून मग जावं.

केसमागच्या पैशांचं आधी बघू. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला आपल्या फीमध्ये बिगर-वकिलाला वाटेकरी करता येत नाही, म्हणजे असा ठराव झाला तर पहिली अडचण वकिलांचीच. शिवाय केसमागे पैसे मिळणारा माणूस हळूहळू केस आणणारा माणूस होतो. ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये २०२३ च्या दुरुस्तीनं कलम ४५-अ आलं. त्यानुसार न्यायालयांना दलालांची (पैसे घेऊन वकिलाला पक्षकार आणून देणाऱ्यांची) यादी करून लावता येते आणि यादीत नाव असताना दलाली केली तर ३ महिन्यांपर्यंत कैद, ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड किरकोळ आहे. पण उभं आयुष्य वर्दीत काढलेल्या माणसाचं नाव कोर्टाच्या फलकावर लागणं किरकोळ नाही.

ओळखीचं प्रकरण याहून गंभीर. आपलं वैयक्तिक वजन वापरून सरकारी नोकराला कर्तव्यात वाकडं काम करायला लावण्यासाठी पैसे घेतले, तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ७-अ लागतं. शिक्षा ३ ते ७ वर्षं, आणि त्यासाठी आरोपी स्वतः नोकरीत असावा लागत नाही. 'फक्त फाइल वर काढायला सांगितलं' हा बचाव ऐकायला सोपा वाटतो, पण फोनवरचं बोलणं आणि खात्यात आलेले पैसे एकत्र ठेवले की तो टिकवणं अवघड जातं.

मग बाबांकडे देण्यासारखं काय आहे? कारागृहाचा कागद वाचता येणं. पॅरोलचं काम करणाऱ्या पुष्कळ वकिलांकडे नेमकं हेच कमी असतं. कायदा त्यांना येतो, पण नॉमिनल रोलवरच्या (बंद्याच्या शिक्षेच्या आणि रजांच्या तपशिलाच्या तक्त्यावरच्या) रकान्यात काय दडलंय ते दिसत नाही. बंद्याचा क्रमांक एका कारागृहातून दुसऱ्यात गेल्यावर बदलतो, हे माहीत नसलेला ज्युनियर जुन्याच क्रमांकानं अर्ज करतो आणि अर्ज फिरत राहतो. येरवड्याहून नाशिक रोडला गेलेल्या बंद्याचं आधीच्या रजेचं रेकॉर्ड कुठे मागायचं, हे बाबा न विचारता सांगतील.

सर्वांत मोठं काम हिशेबाचं. समज, एक जन्मठेपेचा बंदी १० मार्च २०१२ रोजी अटक झाला. घरचे म्हणतात, ९ मार्च २०२६ ला चौदा वर्षं झाली, सुटकेचा अर्ज करा. पण मधे तो १५० दिवस जामिनावर होता, ९० दिवस पॅरोलवर होता आणि एकदा ४१ दिवस उशिरा परतला. फर्लो घेतलेलीच नाही असं धरू. हे २८१ दिवस प्रत्यक्ष कैदेचे नाहीत, म्हणजे चौदा वर्षं भरतात ती १५ डिसेंबर २०२६ ला. माफीचे (कारागृहानं शिक्षेतून कमी केलेले) दिवस या चौदांत मिळवता येत नाहीत. जुन्या फौजदारी संहितेचं कलम ४३३-अ आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७५ प्रत्यक्ष कैदच मोजतं. पॅरोलचे दिवस वगळायचे, हे गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. चौदा भरली म्हणजे सुटका, असंही नाही. राज्याच्या १९९२ आणि २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत गुन्ह्याच्या प्रकाराप्रमाणे वर्षं वेगळी आहेत. शिक्षा झाली त्या दिवशीचं धोरण धरायचं आणि नंतरचं जास्त फायद्याचं असेल तर ते, अशी न्यायालयाची भूमिका आहे. म्हणून प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर बाबांनी एक तक्ता ठेवावा: अटक, जामीन, शिक्षेची तारीख, न्यायाधीन काळाची (खटला चालू असताना आत काढलेल्या दिवसांची) वजावट, प्रत्येक रजेची सुटल्याची आणि परतल्याची तारीख, मिळालेली माफी, कापलेली माफी. 'प्रत्यक्ष' आणि 'माफीसह' अशा दोन बेरजा वेगळ्या लिहाव्यात. त्या एकत्र झाल्या की याचिकेत चूक शिरते आणि सरकारी वकील तीच पहिली दाखवतात.

२०२० च्या नोंदी तर दोनदा तपासायच्या. ८ मे २०२० च्या दुरुस्तीनं कोविडची आकस्मिक पॅरोल आली. सुरुवातीला ४५ दिवस, मग साथरोग अधिसूचना लागू असेपर्यंत ३०-३० दिवसांची वाढ. त्या काळात 'उशिरा हजर' असा शेरा असेल, तर वाढ धरून तो खरंच उशीर होतो का, हे मोजूनच पाहावं. एक चुकीचा शेरा पुढच्या प्रत्येक रजेच्या आड येतो.

आता अर्जांचं. १९५९ च्या फर्लो-पॅरोल नियमांत २०१६, २०१८ आणि २०२० मध्ये मोठ्या दुरुस्त्या झाल्या. ऑफिसात राजपत्रातली ताजी प्रत ठेवावी आणि प्रत्येक अर्जाच्या वेळी त्या तारखेला लागू असलेला नियम बघावा. बाबांच्या तोंडी जे नियम पाठ आहेत, त्यातले काही जुने असतील. अनुभवी माणूस इथेच फसतो. २०१८ च्या चौकटीत घरच्या माणसाच्या मृत्यूसाठीची आकस्मिक पॅरोल अधीक्षकांच्या पातळीवर, लग्नासाठीची उपमहानिरीक्षकांकडे, आणि गंभीर आजार, पत्नीचं बाळंतपण किंवा घर पडणं, पूर, आग अशा कारणांची नियमित पॅरोल विभागीय आयुक्तांकडे जाते. फर्लो उपमहानिरीक्षकांकडे, तिथे नाकारली तर अपर महासंचालक (कारागृह) यांच्याकडे अपील. कागदावर फर्लोला 'संचित रजा' आणि पॅरोलला 'अभिवचन रजा' असतं. नातेवाईक दोन्हीला पॅरोलच म्हणतात, तेव्हा अर्ज कशाचा गेलाय हे कागदावरूनच ठरवायचं.

अर्ज कुठे अडतात, हे बाबांना आतल्या बाजूनं माहीत आहे. वैद्यकीय प्रमाणपत्रात 'रुग्ण आजारी आहे' एवढंच लिहिलेलं असतं. आजाराचं नाव, शस्त्रक्रियेची तारीख, कोणीतरी जवळ असण्याची गरज, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, यातलं काही नसतं. जामीनदाराचा आधारवरचा पत्ता एका गावचा आणि तो राहतो दुसऱ्या गावी, मग पोलीस चौकशीला जातात तेव्हा घराला कुलूप. पुष्कळ नकार 'फिर्यादी पक्षाला धोका, शांतता भंगण्याची शक्यता' या पोलीस अहवालातल्या ठरीव वाक्यावर होतात. तिथे बाबांनी बघायचं ते असं: अहवालात कोणाचा जबाब जोडलाय का, आधीच्या रजेवर बंदी वेळेवर परतला होता का, तेव्हा त्याच ठाण्याचा अहवाल काय होता. आधी तीनदा सुटून वेळेवर परतलेल्या माणसाबद्दल चौथ्यांदा आधाराशिवाय तेच वाक्य आलं असेल, तर उच्च न्यायालयातल्या फौजदारी रिट याचिकेला तो चांगला मुद्दा आहे. मात्र घरच्यांना खोटी आशा देऊ नये. फर्लो हा निरपेक्ष हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या एका प्रकरणात २०२१ मध्ये याच १९५९ च्या नियमांवर सांगितलंय.

माहिती मागायची तीही रीतसर. नकाराच्या आदेशाची प्रत बंद्याला मिळायला हवी, ती त्याच्या सहीनं मागवावी. बाकी माहितीचा अधिकार आहे: १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, १५० शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत माहिती द्यावी लागते, त्या कलम ७(१) चा उल्लेख अर्जातच करावा. जुन्या सहकाऱ्यानं रजिस्टरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, तर तो उघडूही नये. अशा कागदावर याचिका उभी केली की 'हा मिळाला कुठून' हाच प्रश्न मुख्य होतो, आणि नोकरी त्या पाठवणाऱ्याची जाते.

काही कामं बाबांनी अजिबात करायची नाहीत. बंद्याला कायदेशीर सल्ला देणं आणि कोर्टात बाजू मांडणं हे फक्त वकिलाचं. नावनोंदणी नसताना वकिली केली तर ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ४५ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद आहे. वकालतनामा अधीक्षकांमार्फत सही होऊन येऊ द्यावा. नातेवाईक म्हणून मुलाखतीच्या रांगेत उभं राहू नये. ज्या बंद्यांबद्दल त्यांनी स्वतः अहवाल लिहिला, शिक्षा प्रस्तावित केली किंवा साक्ष दिली, त्यांच्या नावांची यादी पहिल्याच दिवशी वकिलांना द्यावी आणि त्या फाइलींपासून लांब राहावं. शेवटची नेमणूक होती त्या कारागृहाची प्रकरणं निदान दोन वर्षं घेऊच नयेत, असं माझं मत आहे. कायद्यापेक्षा जास्त ते आत अजून नोकरीत असलेल्यांच्या सोयीचं आहे. स्वतःचा मोबाइल नंबर पक्षकारांना देऊ नये, ऑफिसचा द्यावा. नाहीतर रात्री अकराला 'साहेब, आत एक फोन करा ना' सुरू होतं.

वकिलांकडून नेमणुकीचं पत्र घ्यावं. त्यात पद लिहिलेलं असावं, 'कार्यालयीन सहायक (कारागृह अभिलेख)' असं काहीही चालेल. ठरावीक मासिक पगार बँकेत, वेळ, तीन महिन्यांची चाचणी, प्रवासखर्च वेगळा, आणि एक स्पष्ट ओळ: पक्षकार आणणं आणि अधिकाऱ्यांना भेटून पाठपुरावा करणं हे कामात नाही. या ओळीवर वकील कसे वागतात, त्यावरून ऑफिस कसलं आहे ते कळेल. खासगी नोकरीबद्दल निवृत्तिवेतन नियमांत आपल्या पदाला काही बंधन आहे का, हे जुन्या आस्थापना शाखेकडून लेखी विचारून ठेवावं.

तयारी फार नको. मराठी टायपिंग त्यांना येत असेलच, पण उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं, तेव्हा मराठी आदेशांचा नेमका इंग्रजी गोषवारा करण्याचा सराव लागेल. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर १६ अक्षरी सीएनआर क्रमांकानं (प्रत्येक प्रकरणाच्या ओळख क्रमांकानं) प्रकरण शोधणं, स्कॅन करून पानांना क्रमांक देणं, एवढं महिन्याभरात होतं.

आता तुझं. पहिलं वर्ष त्याच ऑफिसात काढू नकोस. कारण नात्याचं नाही. पॅरोलची याचिका शिक्षा झाल्यावर सुरू होते, आणि शिक्षा कशी होते हे सत्र न्यायालयात बसल्याशिवाय समजत नाही. आरोप ठेवणं, साक्षी, जुन्या संहितेच्या कलम ३१३ चा आरोपीचा जबाब (आताचं ३५१), शिक्षेवरचा युक्तिवाद, हे सगळं बघ. नावनोंदणीला २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खुल्या प्रवर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये हीच फी आहे, त्यावर कोणी मागितलं तर पावती माग. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या बचाव वकील कार्यालयात (आरोपींना मोफत वकील देणाऱ्या कार्यालयात) जागा निघते का, त्यावर नजर ठेव. फौजदारी कामाची तिथे रोज सवय होते. दीड-दोन वर्षांनी पॅरोलचं काम घ्यावंसं वाटलं, तर बाबांनी केलेले ते हिशेबाचे तक्ते तुला वाचता येतील.

आणि वकिलांनी मासिक पगार आणि ती ओळ नाकारली, तर बाबांपुढे दुसरे रस्ते आहेत. विधी सेवा प्राधिकरण विधी स्वयंसेवक नेमतं, त्यात निवृत्त सरकारी नोकर चालतात. त्याच बचाव वकील कार्यालयांत कार्यालयीन सहायकाची पदंही असतात. मुंबईकडे यायची तयारी असेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून बंद्यांसोबत काम करतो, तिथे चौकशी करता येईल. विधी स्वयंसेवकाला पगार नसतो, कामाच्या दिवसांचं मानधन असतं. त्यामुळे पेन्शनवर घर चालतंय का, हे बाबांशी आधी बोलून घे.